मागचा डावा खांदा

मी गणिताचा मास्तर. मोजल्याशिवाय मला करमत नाही, म्हणून आमच्या रुग्णसेवा पथकात पावलं मोजायचं काम माझ्याकडे आलं. पथक म्हणजे तरी केवढं? सुतळीची एक बाज, तिच्या दोन्ही अंगांना बांधलेले दोन बांबू आणि पाच माणसं. आमच्या गावापासून केळझरच्या सडकेपर्यंत दोन कोस काळी माती. पावसाळ्यात तिथं बैलगाडीची चाकं रुततात, तेव्हा आजारी माणसाला खांद्यावरच न्यावं लागतं. चौघं खांदा देतात, पाचवा मोकळा चालतो. दर दोनशे पावलांना मी ‘बदला’ म्हणतो, की मोकळा माणूस एकाची जागा घेतो. चार पाळ्या ओझं, एक पाळी विश्रांती. हिशेब सरळ आहे.

सत्तावन्न सालच्या भाद्रपदात तानबाची बायको कोकिळा अडली. तानबा आमच्या पाचांतलाच. रात्रभर खटपट करून सुईणीने सकाळी हात टेकले. अकराची वर्ध्याची मोटार गाठली तर दवाखाना. पुढची मोटार थेट संध्याकाळी. तेवढा वेळ कोकिळेकडे नव्हता.

पुढे बापूराव आणि तानबा, मागे नत्थूजी आणि प्रेमदास. नत्थूजी म्हातारा, जिभेचा तिखट. गेल्या दसऱ्याला प्रेमदास नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हा हा गृहस्थ महिनाभर त्याच्याशी बोलला नव्हता. पण दोघांची उंची एक. बाज कलू द्यायची नसेल तर मागे हीच जोडी लागते, आणि एव्हाना एकाची सुपारी दुसऱ्याच्या चंचीतून निघायला लागली होती. या माणसांवर माझा फार जीव होता. त्यांना तसं कधी सांगितलं मात्र नाही.

पाऊस झिमझिमत होता. प्रत्येकाच्या डोक्यावर पोत्याची खोळ, त्यामुळे मागून सगळे सारखेच दिसत. नाल्याला कमरेएवढं पाणी होतं, तिथंच अर्धा तास गेला. पलीकडे चढलो तेव्हा कोकिळेचं कण्हणं बारीक झालं होतं.

“मास्तर, मोटार भेटन ना?” तानबाने विचारलं.

“भेटन. तू चाल.”

नाल्यानंतर बाज हलकी झाल्यासारखी भरभर चालायला लागली. मला बरं वाटलं. माझी मोकळं चालायची पाळी आली तसा मी बाजूला झालो. शेजारी प्रेमदास सुपारी चघळत चालला होता.

“तू मोकळा काऊन?”

“माही पाळी हाये ना, मास्तर.”

मी पुढे पाहिलं. बाजेच्या चारही कोपऱ्यांना खोळी होत्या.

पुन्हा मोजलं. आम्ही दोघं, ते चौघं. नत्थूजीच्या बरोबरीने मागच्या डाव्या अंगाला कुणीतरी खांदा दिला होता. उंचीही जुळत होती. शेतातला कुणी मदतीला आला असेल, असं मी धरलं. अशी माणसं येतात. थांबून विचारायचं तर मोटार जायची. मी ‘बदला’ म्हणत राहिलो. तो कोपरा एकदाही बदलला नाही. ते माझ्या लक्षात आलं, तरी मी मोजणं सोडलं नाही.

सडकेला पोचलो तेव्हा मोटार सुटण्याच्या बेतात होती. कोकिळेला आणि तानबाला आत बसवलं. मोटार गेली. मग आम्ही खोळी काढल्या. आम्ही चौघंच होतो.

“मागं डाव्या अंगाले कोन होतं?”

“मले वाटलं, तुम्ही असान,” नत्थूजी म्हणाला.

“मी त नाल्यापासून तिथं नव्हतो,” प्रेमदास म्हणाला.

चहाच्या टपरीत आम्ही वाट पाहत बसलो. चारला परतीची मोटार आली. कंडक्टरने बाहेर वाकून सांगितलं, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. नत्थूजीने प्रेमदासच्या पाठीत एक धपका घातला आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं. मला तर काय करावं ते सुचेना.

पाऊस उघडला होता, ऊन चटके देत होतं. रिकामी बाज दोघंच नेतात. बापूरावने आणि प्रेमदासने ती उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“मास्तर, हात लावा जरा. जड हाये.”

“रिकामी तर हाये.”

बापूरावने नुसतं बोट दाखवलं. सुतळीने मधोमध झोळ धरला होता, सकाळी कोकिळेखाली धरला होता तेवढाच.

आम्ही चौघांनी खांदा दिला. मी मनात मोजत होतो.

दोनशे पावलं झाली. पाचवा नव्हता. आम्ही बाज टेकवली.

“थकलं असन बिचारं, नाल्यापासून एकदाही खांदा नाही बदलला,” नत्थूजी हळूच म्हणाला.

त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ऊन लागू नये म्हणून बाजेवर पांघरला.

दुपट्टा सुतळीला टेकला नाही. वीतभर वरच राहिला, आणि संथपणे खालीवर होऊ लागला.