भावोजींचा खोकला

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. रविवारी, भर दुपारी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी. त्यामुळे माझं हसू तेव्हापासून बंद आहे.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, लिनक्सवर चालणारे जास्त. लोक म्हणतात, मशीनला बाधा झाली. मी म्हणतो, आधी परवानग्या तपासा, म्हणजे कुठली फाइल कुणाच्या मालकीची आणि तिला हात कोण लावू शकतो ते. आजवर दरवेळी मीच खरा ठरलो होतो.

भावोजी छातीच्या दुखण्यानं गेले. जायच्या आधी त्यांनी लेकीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, चिमीसाठी, गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या. सगळ्या त्या एकाच कॉम्प्युटरवर. गोष्टी झकास, पण मध्येच खोकला यायचा. ऐकणाऱ्याच्याच छातीत कळ यावी असा.

ताई म्हणाली, "तेवढा खोकला काढून दे रे. पोरीनं बापाची गोष्ट ऐकावी. त्यांचं दुखणं कशाला?"

म्हणून मी आवाज साफ करणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. मशीन बंद करून चालू केलं. ताईचा पासवर्ड टाकला.

स्क्रीन काळी झाली...

आणि परत पासवर्ड विचारू लागली.

पासवर्ड चुकला की मशीन तसं सांगतं. हे काहीच सांगत नव्हतं. दार उघडायचं आणि उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं.

"गोष्टी जाणार नाहीत ना?" ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "दुसरीकडे कुठंच नाहीत त्या."

"जातायत कुठं! नवीन काही टाकलं की होतं असं."

मी पुन्हा पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी झाली, आणि त्या काळोखात...

कुणीतरी खोकलं.

चिमी आत झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून स्पीकरची वायर मीच काढून ठेवली होती. ती टेबलावर मोकळी पडलेली होती.

भास असेल, म्हटलं.

चित्रांचा पडदा उघडत नसेल, तर नुसत्या अक्षरांच्या पडद्यावरून आत जाता येतं. तसा गेलो. पासवर्ड तिथे चालला. डिस्कवर जागाही भरपूर होती. मग चूक सापडली. डेस्कटॉप उघडताना मशीनला एका छोट्या लपलेल्या फाइलमध्ये लिहावं लागतं. ती फाइल ताईच्या मालकीची हवी. इथे मालकाच्या जागी नावच नव्हतं.

नुसता आकडा होता. १००१.

माझा जीव भांड्यात पडला. मालक बदलणं म्हणजे एका ओळीचं काम.

पण आकडा का?

मशीनवरचं एखाद्याचं खातं काढून टाकलं की मशीन त्या माणसाचं नाव विसरतं. त्याच्या फायलींवर फक्त त्याचा आकडा राहतो. आणि या मशीनवरून आजवर एकच खातं काढलं होतं. भावोजींचं. रोज मशीन चालू करताना त्यांचं नाव समोर आलं की ताईला काही सुचायचं नाही, म्हणून तिनंच काढायला लावलं होतं.

मी मालक बदलला. ताईचं नाव आलं. पासवर्ड टाकला.

काळी स्क्रीन...

खोकला. या वेळी माझ्या खांद्यामागे.

मागे कुणी नव्हतं. फाइल पाहिली. १००१.

बाहेरून कुणी खेळत असेल म्हणून मी इंटरनेटची वायरही उपटली. पुन्हा मालक बदलला, हात कीबोर्डवरून उचलले आणि नुसता बघत बसलो. ताईचं नाव होतं... आणि मग नव्हतं. हे आपोआप होत नाही. कुणाला तरी हुकूम द्यावा लागतो. कीबोर्ड तर माझ्यापुढे होता.

खोटं कशाला बोलू, माझी बोबडी वळली.

"ताई, गोष्टींची कॉपी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतो. मग सगळं पुसून मशीन नव्यानं लावतो."

कॉपी झाली. पुसायला हात पुढे केला, तर दारात चिमी उभी. डोळे चोळत.

"मामा, बाबांचा खोकला नको ना काढू."

"का गं?"

"मग मी पाणी कधी देणार?"

ताई हातातला टॉवेल तसाच धरून खाली बसली. मी ते नवीन सॉफ्टवेअर काढून टाकलं. बाकी कशालाही हात लावला नाही. फाइलचा मालक तोच होता, १००१. तरीही पासवर्ड टाकताच डेस्कटॉप उघडला.

स्पीकर जोडला. चिमीनं स्वतःच गोष्ट लावली. भावोजींचा आवाज आला. मग खोकला.

"बाबा, पाणी घे."

क्षणभर शांतता. मग... घोट घेतल्याचा आवाज. भांडं खाली ठेवल्याचा आवाज. आणि गोष्ट पुढे सुरू.

"ही मी शंभरदा ऐकलीय," ताई पुटपुटली. "यात पाणी पितानाचा आवाज नाहीये."

चिमीला काहीच नवल वाटलं नाही. ती गोष्ट ऐकत होती.

ताईचं मशीन आजही व्यवस्थित चालतं. प्रश्न माझ्याकडच्या कॉपीचा आहे. ती मी घरी लावून पाहिली. आवाज तोच, खोकला तोच. पण खोकल्यानंतर गोष्ट पुढे जातच नाही. खाली मिनिटं सरकत राहतात, आणि स्पीकरमधून फक्त श्वास ऐकू येतो. दमलेला... थांबलेला.

मला फक्त "भावोजी, पाणी घ्या" एवढंच म्हणायचं आहे.

अजून धीर झालेला नाही. आणि ते तिथे तहानलेले बसले असतील, या विचारानं मला झोपही लागत नाही.