स्पिनरच्या शोधात

"बंद कर! इंजिन बंद कर!" चारुलता किंचाळली.

टेबलाला आवळलेलं छोटं विमान थडथडत होतं. पंख्याच्या मधोमध बसवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं नरसाळं वेडंवाकडं डोललं आणि सणकन उडून भिंतीवर आदळलं. तिचा धाकटा भाऊ मधू थोडक्यात वाचला!

"मध्य चुकला," तिचा मित्र जागेश्वर म्हणाला. "स्पिनर डोलला की अख्खं विमान डोलतं."

१९७३ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. रविवारी मॉडेल विमानांची स्पर्धा, आणि पंख्यावर लावायची ती टोकदार टोपी, स्पिनर, नागपुरात कुठेच विकत मिळेना. तिघं सायकली हाणत इतवारीत चंपतरावांच्या भंगारच्या दुकानात पोचले.

"पाहा पोट्टेहो, ढीग पडला आहे!" चंपतराव म्हणाले.

"ताई, हे बघ! अगदी स्पिनरच!" मधूने ढिगातल्या एका पितळी शंकूकडे बोट दाखवलं. तो उचलायला वाकणार, तोच चारुलताने त्याचा हात धरला.

स्पिनर आतून पोकळ असतो. हा शंकू तळाशी बंद होता, बाहेरून आटे होते आणि कडेला बारीक आकडे कोरले होते. असंच काहीतरी तिने सैन्याच्या प्रदर्शनात पाहिलं होतं. तोफगोळ्याच्या टोकावर!

"काका, हे कुठून आणलं?"

"जंगलाकडच्या एका माणसानं विकलं. काहून?"

"तिकडे सैन्याचा तोफांचा सराव चालतो! हा तोफगोळ्याचा फ्यूज आहे, गोळा फोडणारी कळ. फुटू शकतो!"

चंपतराव खो खो हसले. "अवं, पितळ आहे ते! आता ठोकून वेगळं करतो. मले शिकवून राहिली का तू?" त्यांनी शंकू ऐरणीवर ठेवला आणि हातोड्याकडे हात नेला.

चारुलताने जागेश्वरकडे पाहिलं. पुढच्याच क्षणी त्याने हातोडा उचलला आणि धूम ठोकली!

"अबे! चोर! पकडा त्याले!" चंपतराव मागे धावले. दुकानातली गिऱ्हाइकंही गंमत पाहायला बाहेर पडली. चारुलताने बाहेरून दार ओढून कडी घातली आणि ती दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"आत बॉम्ब आहे! मागे व्हा!"

मधू तोवर पोलीस चौकीकडे सुटला होता.

घामाघूम चंपतराव जागेश्वरची बखोटी धरून परतले. "दार उघड वं!"

"नाही उघडणार! मारा हवं तर!"

तेवढ्यात हवालदार आले. खिडकीतून त्यांनी आत डोकावलं मात्र, ते सगळ्यांना मागे हटवू लागले. गल्ली रिकामी झाली. दुपारी सैन्याच्या जवानांनी वाळू भरलेल्या पेटीतून शंकू नेला.

संध्याकाळी त्यांचे अधिकारी दुकानात आले. "आतली दारू जिवंत होती. एक घाव बसला असता, तर हे दुकान उरलं नसतं. शाब्बास, मुलांनो!"

"मी हसलो तुमच्यावर," चंपतराव म्हणाले.

"पण स्पिनरचं काय?" मधू रडकुंडीला आला.

जागेश्वर समोरच्या खेळण्यांच्या दुकानाकडे एकटक पाहत होता. "भोवरा! लेथवर घडवलेला असतो. खिळा बरोबर मध्यावर!"

त्यांनी भोवऱ्याचं डोकं कापलं, खिळा उपटून त्याच छिद्रातून स्क्रू घातला, पंख्याच्या पात्यांसाठी कानशीने खाचा पाडल्या. इंजिन सुरू झालं. थडथड नाही!

रविवारी विमान झेपावलं, तेव्हा चारुलताच्या हातातल्या, विमान चालवायच्या दोऱ्या ताणल्या गेल्या. "सांभाळ वं, बाई! शाब्बास!" गर्दीतून सर्वांत मोठा आवाज चंपतरावांचा होता.