फक्त कॉम्प्युटरसाठी

दारावरच्या बेलमधली चिमणी अर्ध्या चिवचिवीत गप्प झाली, पंखा मंदावत थांबला आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "नलू, परत?"

परतच. सकाळपासून पाचव्यांदा. हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच घेऊन मी दार उघडलं, तर बाहेर एक उंच मुलगा बेलपासून दोन पावलं मागे सरकून उभा होता. काखेत फाइल, आणि चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा.

"मी फक्त... बेल दाबली," तो म्हणाला. "आत काही उडालं का?"

खरं काय ते लगेच सांगायला हवं होतं. पण इतका घाबरलेला आणि इतका छान दिसणारा माणूस आमच्या दारात रोज येत नाही.

"अख्ख्या घराची लाइट गेली," मी गंभीरपणे म्हटलं. "आता काय करणार आहात?"

"ब्रेकर कुठंय? मी वर करून देतो. मी हेमंत... सरांच्या हाताखाली ट्रेनी आहे. स्विचगिअरमध्ये."

"म्हणजे ब्रेकर बनवणारेच पाडायलाही येतात. बढिया."

तेव्हा कुठे तो हसला. हसताना आधी त्याचे डोळे बारीक होतात आणि मग ओठ हलतात. हे मी पहिल्याच भेटीत टिपलं, कबूल करते.

सर म्हणजे माझे बाबा, विश्वनाथ देवपुजारी. कारखान्यात पंचवीस वर्षं स्विचगिअर तपासण्यात घालवलेला माणूस. आमच्या टाउनशिपमध्ये तसा प्रत्येक घरात एक इंजिनिअर, पण विजेचा प्रश्न अडला की सगळे बाबांकडे बघतात. आणि ब्रेकर पाडणारा गुन्हेगार हेमंत नव्हता. माझ्या टेबलावर बसला होता. न्यू मार्केटची दुकानं पालथी घालून एकेक भाग जमवून मी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर. बटण दाबलं की खट्... आणि घर गप्प.

टाउनशिपच्या शाळेला असे आठ हवे होते. प्राचार्या लीलावतीबाई सोमवारी दुपारी नमुना बघायला येणार होत्या. चालला तर आठही मीच जोडायचे. नाही चालला तर काम शहरातल्या दुकानाला जाणार आणि मी नागपूरला मावशीकडे, बी.एड.ला. बाबांनी फॉर्म आणूनही ठेवला होता. मला शिकवता येत नाही, धीरच नाही. मला मशीन जोडता येतं. एवढी एकच गोष्ट मला या जगात नक्की माहीत होती, आणि तीच आता खोटी पडत होती.

हेमंतने ब्रेकर वर केला आणि निघायच्या ऐवजी माझ्या खोलीच्या दारात रेंगाळला.

"हे तुम्ही जोडलंत? एकटीने?"

"का, दुकटीने जोडायला हवं होतं?"

"नाही..." तो कॅबिनेटमध्ये डोकावला. "वायरी किती नीट बांधल्यात. आमच्या पॅनलमध्येसुद्धा इतक्या नीट नसतात."

वेणीचं, डोळ्यांचं, पिवळ्या ड्रेसचं कौतुक माझ्या वाट्याला थोडंफार आलं होतं. वायरींचं पहिल्यांदाच आलं. कान गरम झाले ते पाच मिनिटं तसेच होते.

रविवारी सकाळी पोह्यांच्या वासावर आणि बाबांच्या निरोपावर अख्खा ब्लॉक आमच्याकडे जमला. मोटर विभागाचे रवींद्रकाका म्हणाले, मशीनमधल्या पंख्याची मोटर जळली असणार. ट्रान्सफॉर्मरवाल्या नरहरकाकांनी पॉवर सप्लायचा वास घेतला आणि मान हलवली. प्रत्येकाच्या खिशात टेस्टर होता, प्रत्येकाने कॅबिनेटमध्ये बोट घातलं. भिंतीकडे मात्र कुणी बघितलं नाही. कारण भिंतीतला नवा प्लग बाबांनी स्वतः बसवला होता, खास या मशीनसाठी. त्याबरोबर मेन बोर्डात अख्ख्या घरासाठी नवा ब्रेकरही, शॉक बसायच्या आत पडणारा. प्लगवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात पट्टी होती: 'फक्त कॉम्प्युटरसाठी'. देवपुजारी साहेबांच्या वायरिंगवर शंका घ्यायची, हे टाउनशिपमध्ये कुणाच्या मनातच येत नसे. माझ्याही आलं नव्हतं. मशीन मी पाच वेळा खोलून पाच वेळा जोडलं होतं.

"उद्या सकाळी डब्यात भर आणि दुकानदारांना परत दे," बाबा शेवटी म्हणाले. चिडून नाही, मऊ आवाजात. ते जास्त लागलं.

हेमंतही आला होता. खिडकीशी उभा राहून पोहे खात होता आणि एकटाच भिंतीकडे बघत होता.

दुपारी आई-बाबा सोनागिरीला एका बारशाला गेले आणि अर्ध्या तासाने चिमणी पुन्हा बोलली. दारात हेमंत. हातात होल्डरला लावलेला साधा साठचा बल्ब, वायर आणि पिन.

"फुलं नाही मिळाली?" मी म्हटलं.

"हे जास्त उपयोगाचं आहे. तुमच्या त्या प्लगमध्ये लावून बघू का?"

"चालणार नाही. तिथे फक्त कॉम्प्युटर लावायचा आणि कॉम्प्युटर फक्त तिथेच, असा बाबांचा कायदा आहे."

"म्हणून तर," तो हळूच म्हणाला.

मी बल्बची पिन घातली. त्याने बटण दाबलं. खट्. बल्ब पुरता पेटलाही नाही, घर गप्प झालं... आणि त्या शांततेत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं. मग पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना डोळ्यांत पाणी आलं.

मेन बंद करून त्याने प्लग खोलला, बोर्ड तपासला आणि बोटाने दाखवलं. करंट ज्या ब्रेकरमधून जातो त्यातूनच परत यायला हवा. जेवढा गेला तेवढा आला की ब्रेकर निर्धास्त. बाबांनी परतीची वायर, न्यूट्रल, चुकून ब्रेकरच्या आधीच जोडली होती. गेलेला करंट परत दिसत नव्हता, म्हणून ब्रेकर इमानदारीत पडत होता.

"पाच मिनिटांचं काम," हेमंत म्हणाला. "वायर बदलतो. सर येईपर्यंत मशीन चालू. त्यांना कळणारही नाही."

मी आनंदाने हो म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं, पण निघालं भलतंच.

"आणि सगळ्यांना काय सांगायचं? नलूचं मशीन बिघडलं होतं, हेमंतने दुरुस्त केलं?"

त्याने हातातला टेस्टर खिशात ठेवला.

"उद्या लीलावतीबाई बाबांनाच विचारणार, पोरीला जमतं का म्हणून. काय सांगतील ते?"

"माझ्या कन्फर्मेशनची फाइल सरांच्या टेबलावर आहे," तो खाली बघत म्हणाला. "कालच दिली. वर्षभराच्या ट्रेनिंगचा निकाल... सोमवारी सही होईल. अकोल्याला घरी सगळे वाट बघतायत. आणि मी त्यांना सांगू की सर, तुम्ही चुकलात?"

"नको सांगूस. तू जा. मी सांगेन."

रागात मी त्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. तो उठला, दारापर्यंत गेला... थांबला. मग परत येऊन खुर्चीवर बसला.

"तू सांगितलंस तर मुलीचा हट्ट होईल," तो म्हणाला. "मी सांगितलं तर तपासणी. सर येईपर्यंत थांबतो. चहा मिळेल?"

गॅसवरचा चहा उतू गेला. माझं लक्ष कुठे होतं ते सांगायला नको.

बाबा आले तेव्हा हेमंत सरळ उभा राहिला. "सर, मशीनमध्ये दोष नाही. प्लगची न्यूट्रल ब्रेकरच्या आधी जोडली गेलीय."

"वायरिंग मी केलंय."

"हो, सर."

बाबांनी बल्ब त्याच्या हातातून घेतला, स्वतः लावला. खट्. ब्रेकर वर करून पुन्हा लावला. खट्. आईने माझा दंड घट्ट धरला होता. बाबांनी चष्मा आणला, मेन बंद केला, बोर्डासमोर स्टूल ओढलं आणि म्हणाले, "टॉर्च धर."

हेमंतने टॉर्च धरला. बाबांनी आपल्या हाताने वायर बदलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लाव तुझं मशीन."

मी बटण दाबलं. एक बारीक बीप, पंख्याची घरघर, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर उतरू लागली. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. मागे वळले तर बाबा चपला घालत होते. त्या संध्याकाळी ते ब्लॉकमधल्या प्रत्येक दारात जाऊन सांगून आले: चूक माझी होती, मशीन पोरीचं बरोबर होतं.

फाइलबद्दल मात्र एक अक्षर नाही.

सोमवारी लीलावतीबाई आल्या, पाच मिनिटं मशीन बघितलं, दहा मिनिटं मला प्रश्न विचारले आणि आठही कॉम्प्युटर माझ्या गळ्यात घालून गेल्या. बी.एड.चा फॉर्म आईने रद्दीत टाकला. आणि मी? मी खिडकीतून रस्त्याकडे बघत बसले. कारखान्याचा भोंगा झाला, सायकली आल्या, स्कूटर आल्या...

तो धापा टाकत जिना चढून आला. हातात एक कागद होता.

"कन्फर्म झालो," तो म्हणाला. "पण सरांनी हा शेरा लिहिलाय. आणि मला कळत नाहीये, ही तारीफ आहे की तक्रार. तूच सांग."

टपोऱ्या अक्षरात एकच ओळ होती: 'वरिष्ठांची चूक तोंडावर सांगतो.'

मी दोनदा वाचली. "बाबांनी असं आजवर एकाच माणसाबद्दल म्हटलंय," मी म्हटलं. "आईबद्दल. आणि तिच्याशी संसार करून त्यांना सत्तावीस वर्षं झालीत."

हेमंतचे डोळे बारीक झाले. ओठ हलायला जरा वेळ लागला.

"मग एक गोष्ट तुलाही तोंडावर सांगू, नलू? मला तू आवडतेस... शनिवारपासून. स्क्रू ड्रायव्हर हातात होता तेव्हापासून."

"मलाही तू," मी म्हटलं. "पण आत ये आधी. हेच बाबांनाही तोंडावर सांगायचंय."

तो घाबरला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. पण चपला काढून आत आला.