सायबाची परीक्षा, तुळसाचं उत्तर

बाळकुमच्या मिठागराच्या बांधावरून दौलत डोळे मिटून चालला होता आणि इंग्रजीत पुटपुटत होता, "यस सर... पिस्टन, सर..." पुढचा 'सर' तोंडातून निघायच्या आत तो धपकन खालच्या वाफ्यात उतरला. नुकत्याच धरलेल्या मिठाचा चिखल झाला.

"डोले फुटले कं रं तुजे?" फावडं घेऊन उभी असलेली मुलगी कडाडली. "चार दिसांचं मीठ तुडवलंस!"

ही तुळसा, मिठागरावरच्या राघोची लेक. दौलत कल्याणचा, मामाकडे आलेला. कल्याणच्या भातगिरणीत तो इंजिनाला तेल घालायचा. हंगाम संपला की रिकामा. ठाण्यात वाफेचे पंप बनवणारी नवी कंपनी निघाली होती, तिला मिस्त्री हवा होता, आणि सोमवारी खुद्द साहेब प्रश्न विचारणार होता. इंजिन दौलतच्या हातांना पाठ होतं, पण साहेब नुसता आठवला तरी त्याची जीभ टाळूला चिकटायची. हे सगळं त्याने चिखल झटकत तिला सांगून टाकलं.

"मंग मना सायेब समज," तुळसा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पन आदी मीठ नीट कर."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बांधावर तालीम होऊ लागली.

"वाफ जास्त झाली तं?"

"सेफ्टी व्हॉल्व्ह... उगडतो."

"माज्याकडं बगून सांग."

"तुज्याकडं बगितलं की... येतंय तेपन इसरतो."

ती लाजली. मग उगाचच रागावली.

शनिवारी मात्र ती हसली नाही. "बुधवारी दिवा गावातनं पावनं येनार," ती हळूच म्हणाली. "मना बगाला."

दौलतला स्वतःच तिला मागणी घालायची होती. जातकुळीची अडचण नव्हती, पण राघो बिननोकरीच्या पोराला दारात तरी उभा करील का? आता सगळं सोमवारवर आलं.

सोमवारी व्हायचं तेच झालं. साहेबाने तीन प्रश्न विचारले, दौलतने दोन गिळले. साहेबाच्या कपाळावर आठी चढली. त्याने अंगणातल्या बॉयलरकडे बोट दाखवलं... याचं झाकण उघड!

वाफेचा दाब दाखवणारा काटा शून्यावर होता. दौलतने घाईघाईने पाना घेतला. पण यंत्राला आधी नमस्कार, मग काम, ही गिरणीतली रीत. त्याने झाकणाला बोटं टेकवली आणि चर्र झालं!

"नो, सर!" तो ओरडला. "काटा राँग! आत स्टीम! फर्स्ट स्टीम औट, मग झाकण!"

साहेब हसला. काट्याकडे जाणारी वाफ त्यानेच मुद्दाम बंद ठेवली होती. नोकरीसाठी आधी आलेले दोघे थेट पाना लावायला गेले म्हणून घरी गेले होते.

दौलत बांधावर धापा टाकत पोचला. त्याची भाजलेली बोटं बघून तुळसाचा चेहरा उतरला. तिने हात धरला, फुंकर घातली.

"लागली नोकरी!" तो म्हणाला. "तुळसा, मना तूच पायजेस. आताच तुज्या बापाला इचारतो, पावनं यायच्या आदी..."

"पावनं येनार न्हाईत."

"कं?"

"मी कालच बाबांना नको सांगलं. तुजं नाव घेतलं."

"काल? अन् मी नापास झालो असतो तं?"

"तं दोगांनी मीठ वडलं असतं," तुळसा म्हणाली. त्याचा हात तिने सोडला नव्हता. "चल घरी. बाबा सकालधरनं वाट बगतान तुजी."