पांढऱ्या केसाची गाठ

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात झाड होतं.

थट्टा नाही करत. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, लोकांच्या नाकावर चढवून "आता दिसतंय?" असं विचारायचं. त्या दुपारी बाहेर बारीक पाऊस आणि धुकं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि मालक जेवायला घरी गेले होते. हा आत आला, छत्री दाराशी निथळत ठेवली आणि म्हणाला, "कपाळाला बांधायचं भिंग हवंय. दोन्ही हात मोकळे राहतील असं."

"घड्याळं दुरुस्त करता?"

"केसांचे टोप करतो. जाळीत एकेक केस गाठत बसायचं. डोळ्यांची पार वाट लागलीय."

स्टुलावर चढून मी वरच्या फळीवरची भिंगं काढली. ती कशावर पारखायची? त्यानं खिशातून एक आगपेटी काढली, अलगद उघडली... आत बोटाच्या पेराएवढा सालीचा तुकडा, त्यावर ओलं शेवाळ, शेवाळावर तांदळाएवढी पानं आणि त्यांतून वर आलेलं एक फूल. फूल पानांच्या दुप्पट!

"अगंबाई! नाकापेक्षा मोती जड."

तो हसला. "छोट्या जातीचं ऑर्किड आहे. कितीही वय झालं तरी एवढंच राहतं."

"माझंही तसंच आहे," मी स्टुलावरून उतरत म्हटलं.

भिंग मी डोळ्याला लावलं. फुलाला जांभळ्या ठिपक्यांचा जबडा होता, आ वासलेला. आणि झाड सालीला बांधलं होतं ते दोऱ्यानं नव्हे. केसानं. लांब, जाड, पांढराशुभ्र केस मुळांवरून वेढे घेत गेला होता.

"गाठ सैल झालीय वाटतं," तो म्हणाला आणि चिमट्यानं केसाचं टोक धरून ओढलं.

माझ्या मानेत, जिथे केस संपतात तिथे, कुणीतरी चिमटीत धरून ओढलं.

मी गर्रकन वळले. मागे भिंतीवर चष्म्यांच्या रांगा होत्या, बाकी कुणी नाही.

"काय झालं?"

"काही नाही... घरी आजी असतात वाटतं? त्यांचा केस?"

"घरात मी एकटाच असतो," तो म्हणाला. त्यानं एक भिंग पसंत केलं, आगपेटी खिशात ठेवली आणि धुक्यात निघून गेला. मी बराच वेळ मान चोळत उभी होते.

मानेचं हे दुखणं तसं जुनंच. रोज सकाळी मानेवर थंडगार तुषार पडायचे. हात लावावा तर कोरडं! डॉक्टर म्हणाले, शिरेचं काहीतरी असेल. आत्या म्हणाली, "शीरबीर काही नाही. एवढी वेणी कापलीस ना, तिचा तळतळाट आहे तो." आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मी तिच्याकडेच राहते, आणि तिचं ऐकून घेणं हे भाड्यातच धरलेलं आहे.

वेणीचं असं झालं. जन्मापासून माझ्या मानेजवळ एक पांढरी बट होती. लग्न ठरलं तेव्हा होणारा नवरा म्हणाला, ती काळी करून घे. मी नाही म्हटलं. लग्न मोडलं. त्या रागात मी पार्लरमध्ये जाऊन वेणी मानेपासून उतरवली आणि तिथेच टाकून आले. गंमत पुढेच आहे. त्याच्यासमोर ठणकावून नाही म्हणणारी मी, त्यानंतर गुपचूप, आपणहून, ती बट काळी करत राहिले. उगवली की कर काळी, उगवली की कर काळी.

तेव्हा तो पांढरा केस पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, असं कसं म्हणू? पण जगात पांढऱ्या केसांना काय तोटा! मी पाल हाकलली.

तो मात्र येतच राहिला. कधी भिंगाचा पट्टा टोचतो, कधी सैल होतो, कधी काचेवर डाग दिसतो. भिंग एक आणि तक्रारी छप्पन्न. शेवटी मी म्हटलं, "भिंगात काही खोट नाही. खोट तुमच्या डोळ्यांत आहे."

"तीच दाखवायला येतो," तो म्हणाला. मग स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

आत्याला सगळं सांगितलं, कारण तिला न सांगताही कळतंच. ती म्हणाली, "केसांचा धंदा का? जपून गं बाई. केसानं गळा कापणारी माणसं असतात."

सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. ऑर्किडं लावायला शिकायला, असं आत्याला सांगून. आत्यानं "हो का" म्हटलं.

दोन गल्ल्या सोडून वरच्या मजल्यावर त्याची खोली. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटाच आला. भिंतभर फळ्या, फळ्यांवर लाकडी डोकी. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही, पण केस मात्र सगळ्यांना. कुणाला लांबसडक, कुणाला कुरळे. आणि खिडकीकडून आडव्या बांधलेल्या तारेला शेकडो सालीचे तुकडे लटकत होते, प्रत्येकावर एक चिमुकलं झाड. वारा नव्हता, तरी ते हलके हलके फिरत होते.

"दमट हवा दोघांनाही मानवते," तो म्हणाला. "केस उडत नाहीत आणि झाडं सुकत नाहीत."

"आणि ही डोकी बघत राहतात, त्याचं काय?"

"सवय होते."

त्यानं भिजवलेलं शेवाळ माझ्या हातात दिलं. "पिळा. अजून... अजून. एक थेंब पडता कामा नये."

"एवढं पिळलं तर जीव जाईल त्याचा."

"ही झाडं कोरडेपणानं फारशी मरत नाहीत. मायेनं मरतात. लोक पाणी घालघाल घालतात आणि मुळं कुजतात."

मी शिकत गेले. ज्यांना सालीवर राहायला आवडत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याएवढी कुंडी, तळाला कोळशाचे तुकडे, वर सालीचा चुरा. बाकीची सालीवर, मुळांखाली शेवाळाची पातळ गादी घालून. मी माझं झाड ताठ उभं धरलं तर त्यानं ते बोटानं जरा पुढे वाकवलं. "तोंड खाली असू दे. नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचतं."

"म्हणजे मान खाली घालून जगायचं?"

"झाडानं. तू नको."

तो 'तू' दोघांनाही ऐकू आला. तो घाईघाईनं उठला, पावसाच्या पाण्याचा फवारा घेतला आणि माझ्याकडे पाठ करून तारेवरच्या झाडांवर मारू लागला. कागदासारखी पांढरी मुळं बघता बघता हिरवी होऊ लागली.

आणि माझ्या मानेवर थंडगार तुषार पडले.

मी हात लावला. कोरडं! त्यानं पुन्हा फवारा मारला. पुन्हा गार.

"तू..." मानेवरचा हात तसाच ठेवून मी म्हटलं. "तू रोज पाणी कधी देतोस?"

"सकाळीच. चहा उकळत ठेवला की. दिवसभरात पानं सुकायला हवीत ना. आज तू येणार म्हणून थांबलो होतो. का?"

तेव्हाच मला दिसलं की एक डोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, वर फडकं टाकून. मी जाऊन फडकं ओढलं.

समोर मी होते. पाठमोरी. तीच वेणी, तोच तिचा कमरेजवळ डावीकडे पडणारा पीळ, जो दोन आरशांत बघत मी वर्षानुवर्षं घातला होता. फक्त मानेजवळ बोटभर जाळी उघडी होती. पांढरी बट तेवढी नव्हती.

मी त्या उघड्या जाळीवर बोट ठेवलं.

"घाबरू नकोस," तो म्हणाला, स्वतःच घाबरलेला. "ती पार्लरमधून विकत आलेली वेणी आहे. गिऱ्हाईक म्हणालं, पांढरे काढून टाका. एकेक करून काढले, पण फेकवेनात. कुजत नाहीत, मुळांना काचत नाहीत, म्हणून झाडं बांधायला घेतले. आणि पांढरे काढल्यावर तो टोप विकावासाच वाटेना. कुणाचाच नाही असा दिसायला लागला."

"आणि ती बाई? जिची वेणी?"

त्यानं माझ्या हातातलं फडकं घेतलं, घडी घातली. मग हळूच म्हणाला, "हसशील. मी तिच्याशी बोलतो. झाडं बांधताना. आज पाऊस आहे, आज फूल आलं... दिवसभर या डोक्यांत बसून दुसरं बोलणार कुणाशी? कधी भेटली तर माफी मागेन. न विचारता तिचे केस वापरले म्हणून."

"मग माग," मी म्हटलं. मान वाकवली आणि मागचे आखूड केस बोटांनी दूर केले. काळा रंग टोकाकडे सरकला होता, मुळाशी उगवलं होतं ते पांढरं होतं.

त्यानं हात लावला नाही.

मग मी त्याला सगळं सांगितलं. दुकानातली ओढ, सकाळचे तुषार, सगळं. त्याचा चेहरा पिळून काढलेल्या शेवाळासारखा झाला.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "तोंडावर सांगते, कारण मला दुसरं काही जमत नाही. पण हे माझं मन सांगतंय की तुझ्या गाठी ओढतायत, मला कसं कळणार? इतकी वर्षं मी या खोलीत बांधलेली आहे. शेकडो ठिकाणी! मी स्वतःच्या पायांनी आलेय की ओढली गेलेय?"

"मलाही ते नको आहे," तो म्हणाला. "बांधून आणलेलं माणूस नको." मग त्यानं कात्री घेतली. "ज्या झाडांनी सालीला मुळं घट्ट रोवलीत ती राहतील. ज्यांनी नाही रोवली ती पडतील."

"माझंही तसंच असेल," मी म्हटलं.

तो एकेक गाठ कापत गेला आणि मी चिमट्यानं एकेक केस ओढून काढत गेले. गाठ कापली की दर वेळी मानेतलं काहीतरी सुटत होतं, अगदी हलकं, पण सुटत होतं. झाडं जागची हलत नव्हती. फळीवरची डोकी तशीच, पण मला सारखं वाटत होतं की ती ऐकतायत. शेवटी खिडकीजवळचं, आठवड्यापूर्वीच बांधलेलं एक झाड उरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कात्री चालली आणि झाड सुटून खाली जमिनीवर पडलं.

मी "जाते" म्हटलं. दुकानातून निघताना तो नेहमी "पुन्हा येईन" म्हणायचा, त्या दिवशी मला "पुन्हा ये" म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा उकळत ठेवला आणि मानेवर हात ठेवून उभी राहिले. काही नाही. चहा उतू गेला, तरी काही नाही. मान कोरडी होती, हलकी होती, माझी एकटीची होती. मी सुटका वाटायची वाट बघत राहिले. वाटली ती फक्त त्याची आठवण. तो आत्ता त्या खोलीत एकटा बसला असेल आणि आता बोलायला ती वेणीवालीसुद्धा उरली नसेल.

"आज मान नाही चोळत?" आत्यानं विचारलं.

"आज काही ओढतच नाहीये, आत्या."

"बरं झालं. मग छत्री घेऊन निघालीस कुठे?"

मी छत्रीकडे पाहिलं. खरंच, माझ्या हातात होती.

त्याचं दार उघडंच होतं. तो तारेसमोर भरलेला फवारा घेऊन उभा होता, आणि मुळं सगळी कोरडी, पांढरी.

"पाणी नाही दिलंस?"

"हिंमत होईना. तुला गार लागलं तर?"

"मार आता."

त्यानं फवारा मारला. मुळं हिरवी झाली.

"कळलं काही?"

"काहीच नाही."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे संपलं."

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "मग मी इथे आले कशी?"

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा फवारा त्याच्या हातातून सटकला आणि दोघांचेही पाय भिजले.

पडलेलं झाड त्यानं बशीत ओल्या शेवाळावर निजवलं होतं. मी ते सालीवर धरलं, तोंड जरा खाली करून. "दोरा आण. शिवायचा, साधा." तो दोरा घेऊन आला, वेढे घालू लागला. गाठीपाशी येऊन थांबला.

"बोट काढ. गाठीत अडकेल."

"नाही काढत."

"अगं, मग सुटणार कसं?"

"हवं तेव्हा काढेन की. माझंच बोट आहे." मी त्याच्याकडे बघत म्हटलं, "तू बांध."

त्यानं गाठ ओढली. मानेत काही झालं नाही. छातीत मात्र झालं, आणि ते सगळं माझं होतं. बोट मी त्या दोऱ्यात तसंच ठेवलं.