आठवा पाना

"खोटी नोंद केली म्हणत्यात, मॅडम. संध्याकाळपर्यंत खुलासा न्हाई दिला तर घरी बसायचं."

सांगवीच्या गुप्तहेर चारुलताबाईंसमोर कुलदीप अगदी रडकुंडीला आला होता. चाकणच्या कारखान्यात बोल्ट किती घट्ट बसला हे मोजणारे पाने तो तपासून देई. त्यातला एक पाना दोन्ही लाइनवर वापरला जाई. सोमवारी तो तपासून त्याने पहिल्या लाइनवर नोंद केली. दुसऱ्या लाइनवर मात्र 'तपासणी बाकी' दिसत राहिलं आणि माल अडकला. पाना न तपासताच नोंद केली, असा ठपका कुलदीपवर आला.

"नोंद कुणीतरी पुसली!" मदतनीस गुरुदत्तने सांगवी सोडण्याआधीच निकाल लावला.

कारखान्यात पोचल्यावर दुसऱ्या लाइनची उत्कर्षा फणकारली. "मी कशाला पुसू? आधी तिकडं नोंद झाली की इकडं आपोआप दिसायची. सोमवारपासनं बंद झालंय."

संगणक विभागातला अनिश ठाम होता. "रविवारी जुनी माहिती जेसन फाइलमधून, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमधून, नव्या प्रोग्रॅममध्ये घेतली. एक अक्षर गहाळ नाही. बघा."

फाइलमध्ये पहिल्या लाइनखाली पाना क्रमांक चारची सगळी माहिती होती. दुसऱ्या लाइनखाली एवढंच: 'तोच, क्रमांक चार'.

बाईंनी पडद्यावर पाहिलं, एकूण पाने आठ. रॅकवर मोजले, सात.

"एक चोरीला गेला!" गुरुदत्त उसळला.

"उलट, एक जास्तीचा जन्माला आलाय," बाई म्हणाल्या.

मालक दादासाहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"कुणी काही पुसलं नाही. फाइलमध्ये पाना एकच आहे, दुसरीकडे फक्त त्याच्याकडे बोट दाखवलंय. वाचताना प्रोग्रॅमने तिथे तोच पाना द्यायचा होता. अनिश, तुझ्या प्रोग्रॅमने नवी प्रत बनवली. म्हणून रॅकवर सात, पडद्यावर आठ. कुलदीपची नोंद एका प्रतीवर गेली, दुसरी कोरीच राहिली."

अनिशचा चेहरा उतरला, पण तो सरळ बोलला. "वाचलेल्या क्रमांकांची यादी ठेवून, क्रमांक पुन्हा आला की तोच पाना द्यायला हवा होता. चूक माझी."

तासाभरात त्याने प्रोग्रॅम दुरुस्त करून फाइल नव्याने वाचून घेतली. पाने सात झाले. कुलदीपने पुन्हा नोंद केली आणि दुसऱ्या लाइनवर ती लगेच उमटली. आयुष्यात प्रोग्रॅमची एक ओळही न लिहिलेल्या बाईंनी हे नुसते पाने मोजून ओळखलं! गुरुदत्तचा ऊर अभिमानाने भरून आला.

दादासाहेबांनी कुलदीपला दिलेली खुलाशाची नोटीस फाडली. "झालं गेलं सोड, कुलदीप. शिफ्टला लाग."

कुलदीप जागचा हलला नाही.

"खोटारडा म्हणालात ते लाइनवर, सगळ्यांदेखत, दादासाहेब. आता न्हाई म्हणायचं तर ते बी तिथंच म्हणा."

दादासाहेब खुर्चीतून उठले आणि लाइनकडे चालू लागले.