डिस्क येऊन राहिली

त्या खरेदीत आम्रपालीला मिळणार होता बाप. निदान त्याचा आवाज, सगळा मिळून नव्वद जीबी. वीरण्णाला मिळणार होतं एक गिऱ्हाईक. वजिराबादच्या बाजारात त्या उन्हाळ्यात हेही थोडं नव्हतं. विष्णुपुरी धरणाचा तळ दिसायला लागलेला, लोक पाण्याच्या टाक्या घेत होते, कॉम्प्युटरचं सामान कोण घेतो? तर असा हा दोघांच्याही फायद्याचा सौदा. बिघडायला काही कारणच नव्हतं.

ती आली ती ओढणीनं कपाळ टिपत.

"हार्ड डिस्क पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरला. टिकाऊ."

"किती टिकाऊ?" वीरण्णानं मान वर केली… आणि खाली घ्यायची विसरला.

"माणसापेक्षा जास्त."

"मग अवघड हाय, मॅडम. आपल्याकडं पाच वर्षांपर्यंतचीच मिळते."

ती हसली. वीरण्णा मूळचा सीमेवरच्या देगलूरचा. गडबडला की हातातले स्क्रू कन्नडात मोजायचा. ओंदु, एरडु… तिसऱ्याला स्क्रू खाली पडला.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील लिंबाजी जयंतीला गायचे, गावोगावच्या कार्यक्रमांत गायचे. जाऊन दोन वर्षं झाली. त्या कार्यक्रमांचं सगळं शूटिंग जयभीमनगरातल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, दुसरीकडं कुठंच नाही. आणि आठ दिवसांपासून आतून आवाज येत होता. टक्… टक्…

वीरण्णाचा चेहरा बदलला. धंद्याचं बोलायला लागला की तो गडबडणं विसरायचा.

"ऐका. तुमची जुनी डिस्क आता एकदाच पळंल. दुसऱ्यांदा कॉपी काढायची ताकद नाही तिच्यात. म्हणून जिच्यावर उतरवायचं ती भरोशाची पाहिजे. ही स्वस्तातली; कुणाची तरी वापरलेली, पुसून पुन्हा डब्यात घातलेली. हिच्याकडं बघू पण नका. ही दोन वर्षांच्या वारंटीची. अन् एक काळ्या लेबलची असते, पाच वर्षांची…"

"तीच द्या."

त्याचा हात कपाटाकडं गेला. डिस्क आतच होती. पण पाच वर्षांची वस्तू नेलेलं गिऱ्हाईक पाच वर्षं दुकानाची पायरी चढत नाही, हा हिशेब नेमका त्याच क्षणी त्याला लख्ख दिसला. हात मागं आला.

"येऊन राहिली," तो म्हणाला.

आता आमच्याकडं हे वाक्य कुणी अडवत नाही. नळाला पाणी येऊन राहिलेलं असतं, सहाव्या दिवशी येतं. किनवट जिल्हा होऊन राहिलेला असतो; त्या नव्या जिल्ह्यात भरती निघेल म्हणून आम्रपाली दोन वर्षं अभ्यास करत होती. तारीख विचारायची पद्धतच नाही. तिनंही विचारली नाही.

गुरुवारी ती आली.

"आली का?"

"येऊन राहिली. बसा की. पाणी घेता?"

"अर्धाच ग्लास द्या. सांडून पाप नको."

त्यानं काठोकाठ भरला. तिनं ते पाहिलं – आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

"वारंटी म्हणजे नेमकी कशाची हो, दुकानदार?"

"डिस्कची. बिघडली तर नवी मिळते."

"अन् आतलं?"

"आतल्याची जिम्मेदारी कुणीच घेत नाही."

"तुम्ही?"

"मी…" वीरण्णा माउसची वायर बोटाला गुंडाळत राहिला. "मी घेईन की." मग घाईनं, "तोवर मशीन चालू करू नका मात्र."

"मायला कोण सांगणार? दिवेलागणीला तिला रोज एक गाणं लागतं. मी बंद केलं तर म्हणते, तुझा बाप काय बंद ठेवायची वस्तू हाय का?"

तेव्हा त्याच्याही आत टक् झालं. डिस्क हाताच्या अंतरावर होती. पण ती हसून बोलत होती, ग्लासात अजून दोन घोट पाणी होतं… "सोमवारी नक्की," तो म्हणाला.

सोमवारी आली. "येऊन राहिली." ती लटकं रागावली. "मालगाडीला काय तुम्हीच ढकलून राहिले का?" तो इतका हसला, की शेजारच्या दुकानातून चहा आला.

चौथ्या खेपेला ती ऑटोनं आली. मांडीवर कॉम्प्युटरची अख्खी पेटी, बापाच्या निळ्या उपरण्यात बांधलेली.

"कालपासून टक्-पण करत नाही," ती म्हणाली.

वीरण्णानं सगळं करून पाहिलं. मग डिस्क हैदराबादला पाठवली. तिथून सातव्या दिवशी निरोप आला, तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघत नाही. जयंतीचा आदला दिवस होता तो. आम्रपालीनं पेटीवरचं उपरणं उलगडून पुन्हा घडी घातलं. मग तिनंच त्याची समजूत काढली.

"तुम्ही तरी काय करणार? माल वेळेवर आला नाही."

इथं गप्प बसला असता तर ती त्याची झाली असती. माझं तरी गणित तेच सांगतं. पण त्यानं कपाट उघडलं. काळ्या लेबलचा डबा टेबलावर ठेवला. डब्यावर धूळ होती.

"पहिल्या दिवशी होती. तुम्ही परत यावं म्हणून… दिली नाही."

तिनं धुळीवर बोट ओढलं.

"येऊन राहिली होती," ती हळूच म्हणाली. "येऊन, इथंच राहिली होती."

"हाव."

"नुसतं 'या' म्हणाला असतात तरी… मी आले असते, वीरण्णा."

त्याचं नाव तिनं घेतलं ते एवढं एकदाच.

तीच डिस्क तिनं पेटीत बसवून घेतली. संध्याकाळी घरी मशीन चालू झालं, कुठलाही आवाज न करता. तिची माय धुरपताबाई खुर्ची ओढून समोर बसली.

"पोरी, गाणं?"

आम्रपालीनं तोंड फिरवलं. "येऊन राहिलं, माय."

वीरण्णाच्या वाट्याला पाच दुपारी आल्या. आम्रपालीच्या, पाच वर्षांची वारंटी असलेली कोरी डिस्क. आणि जिनं त्या दुकानाची पायरीसुद्धा पाहिली नाही, ती धुरपताबाई रोज दिवेलागणीला त्या खुर्चीवर बसून किंमत भरून राहिली.